निळ्या पेनाच्या नोंदी

आमच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरला देवाखालोखाल मान. तिथी-वार बघायला कॅलेंडर सगळ्यांकडेच असतं, पण आमच्याकडे त्यावर लिहायची पद्धत आहे. सिलेंडर कधी लावला, दूधवाला कुठल्या दिवशी आला नाही, आईच्या गुडघ्यात इंजेक्शन कधी दिलं, सगळं त्या त्या तारखेच्या चौकटीत, बारीक अक्षरात. सवय आईची, पण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझं सुबक. म्हणून शाळेत असल्यापासून हे काम माझ्याकडे आलं आणि अजून सुटलेलं नाही. गेली सहा वर्षं मी त्यासाठी दोन पेनं वापरते. माणसांचं जे काही असेल ते लाल पेनाने आणि पाण्याचं निळ्या पेनाने.

पाण्याला वेगळं पेन लागावं एवढं काय असतं पाण्याचं, असं ज्याला वाटेल तो बदलापूरला भाड्याने राहिलेला नाही. ‘आलं नाही.’ ‘दहा मिनिटं, करंगळीएवढी धार.’ ‘टँकर.’ ‘जांभूळच्या फिल्टर प्लांटला काम चालू, उद्या येईल म्हणतात.’ ‘उद्या आलं नाही.’ पावसाळ्यात बारवी धरण भरलं की सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचे फोटो फिरतात. त्या दिवशीसुद्धा माझ्या चौकटीत निळं लिहिलेलं सापडेल. कामावरून आल्यावर पहिली गोष्ट मी काय करत असेन, तर नळ उघडून बघणं आणि मग भिंतीशी जाऊन लिहिणं. लिहून पाणी येत नाही हे मलाही कळतं. पण लिहिलं की निदान मनाची समजूत पटते, की आपलं डोकं ठिकाणावर आहे आणि पाणी खरंच आलेलं नाही.

आम्ही मूळचे उल्हासनगरचे. कॅम्प दोनमधल्या बराकीतल्या एका खोलीत दादा आणि मी वाढलो. आजूबाजूची घरं सगळी सिंध्यांची. त्यांच्या दालपकवानाच्या वासाने आमच्या रविवारची सकाळ व्हायची आणि आई वाटीभर आमटी पाठवून चार पकवान परत मिळवायची. पुढे बराक पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी वरच्या मजल्याचा स्लॅब शेजारणीच्या स्वयंपाकघरात उतरला. ती तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होती म्हणून वाचली. इमारतीवर धोकादायक अशी पाटी लागली, आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांनी बाहेर पडायचं असा हुकूम आला. आई आणि मी दोन पिशव्या, देव आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन खाली उतरलो. दादा तेव्हा आमच्यात राहत नव्हता. तो लग्नानंतर बदलापूरला गेला होता. मी लग्न केलं नाही. ते का, हा इथला विषय नाही.

तेव्हापासून आमचं बिऱ्हाड पाठीवर. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिने संपायला आले की घरमालकाला अचानक पुतण्याचं लग्न आठवतं, नाहीतर स्वतःच त्या घरात राहायची हौस येते. सहा वर्षांत सहा घरं झाली. पहिलं अंबरनाथला, बाकीची पाच बदलापूरला, सगळी दादाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कारण आईला मुलाजवळ राहायचं होतं. मग मुलाकडेच का नाही? दादाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे गेलेले. हे कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. मी कधी ते उलगडून बघायला गेले नाही. मी अजून कॅम्प दोनमध्येच कामाला जाते, लहान मुलांचे फ्रॉक शिवणाऱ्या कारखान्यात. तिथले शेठ मला ‘मास्तरनी’ म्हणतात, कारण कटिंगची मापं मी भिंतीवर लिहून ठेवते.

दादाच्या बिल्डिंगबद्दल सांगायला हवं. ती बांधली तेव्हा तिथे भातशेतं होती. ताबा मिळाला पण नळजोडणी मिळाली नाही, जवळजवळ वर्षभर. समोरच्या आगरी आळीत एक बावडी होती आणि त्या बावडीवर दादाची अख्खी सोसायटी पाणी भरायची. मी सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरहून मुद्दाम जायचे, वहिनीला दिवस गेलेले होते म्हणून. बावडी ज्यांची, त्या घरची सून माझ्याच वयाची होती. पहिल्या दिवशी मी बिचकत कळशी घेऊन उभी राहिले, तर ती म्हणाली, “न्या ना. पानी काय आमच्या बापाचा हाय?” मी चौथ्या मजल्यावर किती कळश्या चढवल्या त्याला हिशेब नाही. दादा दारात उभा राहून म्हणायचा, “तुझ्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो.” त्याला ते मनापासून वाटायचं, हे मी आजही नाकारणार नाही. पुढे जोडणी मिळाली, सोसायटीने वर दोन बोअर मारले आणि दोन उन्हाळ्यांत बावडी आटली. आता ती बुजवलेली आहे. त्यावर सोसायटीच्या गाड्या उभ्या राहतात. ती सून आता सासू झाली आहे आणि सोसायटीच्या भिंतीला टेकून भाजी विकते.

त्याच भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेवर अठरा मजल्यांचे टॉवर येणार अशी पाटी लागली. लहान घरं, शंभराच्या पटीत, सवलतीच्या योजनेतली. ज्यांच्या नावावर कुठेही घर नाही, त्यांनी अर्ज करायचे आणि सोडत काढायची. मी अर्ज भरला. आमच्या पडक्या इमारतीचे कागद, सीलची नोटीस, सगळं जोडलं. नंबर लागेल असं मला एका क्षणासाठीही वाटलं नव्हतं, कारण शाळेच्या आनंदमेळाव्यातला डबासुद्धा मला कधी लागलेला नाही.

आणि लागला. अकरावा मजला. एक खोली, स्वयंपाकघर आणि लिफ्ट. मी कारखान्यातून येताना पेढे घेतले आणि आईच्याही आधी दादाकडे गेले, कारण त्याचं घर वाटेत आधी लागतं आणि मला तेवढाही दम निघत नव्हता. त्याने मला गॅलरीत नेलं. मोकळ्या जागेकडे बोट करून तो म्हणाला, “म्हणजे साधारण तिथे, वरती. मग काय, तू वरून हाक मारायची आणि मी खालून चहा ठेवायचा.” वहिनीने देवापुढे पेढा ठेवला. घरी येऊन मी त्या दिवशीच्या चौकटीत लाल पेनाने लिहिलं, ‘लॉटरी लागली. ११ वा मजला. दादाला पेढे.’ त्याच चौकटीत खाली निळ्याने ‘आलं नाही’ असं होतंच.

चारेक महिन्यांनी, नवं वर्ष लागल्यावर, दादा आमच्याकडे आला. चहा घेता घेता त्याची नजर कॅलेंडरवर गेली. “तू अजून लिहितेस हे?” म्हणाला. मी म्हटलं, जुनी सगळी ठेवलीत, खाटेखाली गुंडाळी करून. तो खुर्चीतून उठलाच. “दे ना मला. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीला लागतील. आमच्यातल्या एकाकडे नोंद नाही, सगळे नुसते बोंबलतात.” मला काय आनंद झाला! इतकी वर्षं घरातल्या माणसांनी माझ्या लिहिण्याची टिंगल केलेली, वहिनी तर मला चित्रगुप्त म्हणायची. आता कोणाला तरी ते हवं होतं. मी गुंडाळ्या पुसून दिल्या, वर रबर लावला, आणि आदल्या वर्षाच्या मे महिन्यावर तेलाचा डाग पडलाय त्याबद्दल माफीसुद्धा मागितली.

त्याने एकेक गुंडाळी उलगडून पाहिली आणि पहिलं वर्ष परत दिलं. “हे अंबरनाथचं आहे. हे नको.” बघा, माझा भाऊ किती नीट काम करणारा आहे.

त्यानंतर कळलं की सोडत आधी काढली होती आणि परवानगी नंतर मागितली होती. मंजुरी सातच मजल्यांची होती. वरचे अकरा मजले चढवायला नियमात बदल हवा होता, म्हणून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या आणि त्यावर सुनावणी ठेवली होती. आम्हा सोडतवाल्यांना योजनेच्या लोकांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी दादाला विचारलं, “तुमच्या सोसायटीचं काय म्हणणं आहे?” तो म्हणाला, “अगं, लोक बोलतात. टॉवर आला की पाणी जाईल, रस्ता जाईल, ऊन जाईल. मी त्यात पडत नाही.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला. लहानपणी त्याने माझ्या वाट्याची चिक्की खाल्ली तर तो स्वतः येऊन सांगायचा. तो खोटं बोलेल, हे माझ्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी भिंतीशी भाजी घेत होते. भाजीवालीला मी विचारलं, तुमचं काय म्हणणं या टॉवरबद्दल? ती पालक निवडत म्हणाली, “येऊ दे. तुमी आलाव तवा आमी मेलाव का? येतील मानसा. जातील कुठं?” मग गेटकडे मान उडवून हळू आवाजात म्हणाली, “त्यांनला आता पान्याची आठवन झाली. आमची बाव आटली तवा कोन आलता विचारायला?” मी तिला म्हटलं नाही की त्या बावडीचं पाणी मीही ओढलं होतं. तिला ते आठवत होतंच. जुडी देताना तिने वर मूठभर मिरच्या टाकल्या.

सुनावणीला जायला शेठकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले, “जाओ जाओ, मकान का काम है, मशीन कल भी चलेगा.” दादाला मात्र मी कळवलं नाही. तो त्यात नव्हता ना.

सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि कोणी न सांगता लोकांनी बसायची वाटणी करून घेतली होती. ज्यांना घर होतं ते पुढे आणि ज्यांना हवं होतं ते मागे. पुढचे लोक एकमेकांना ओळखत होते, पाण्याच्या बाटल्या फिरवत होते. आम्ही मागचे एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो, काय बोलायचं ते न कळून. एका तरुण मुलाने हात वर करून आधीच बोलायला सुरुवात केली, “साहेब, ये लोग बोलतात पाणी नाही. मग आम्ही काय समुद्रातनं येणार आहोत का? इथेच तर राहतोय भाड्याने!” सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्याला नंबर आल्यावर बोला म्हणून खाली बसवलं.

मग एका सोसायटीचं नाव पुकारलं गेलं आणि पहिल्या रांगेतून माझा दादा उठला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, काखेत गुंडाळ्या. रबर माझाच होता, पिवळा, मेथीच्या जुडीचा.

“साहेब, मी भावनेवर बोलणार नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे पुरावा आहे. पाच वर्षांचा. पाच वेगवेगळ्या इमारतींमधला, आमच्याच भागातल्या. रोजचा.” त्याने कॅलेंडरं टेबलावर उलगडली आणि कोपऱ्यांवर स्वतःचा मोबाइल आणि साहेबांचा ग्लास ठेवला. “निळ्या शाईतलं बघा. ज्या दिवशी पाणी आलं नाही, त्या दिवशी लिहिलेलं आहे. ज्या दिवशी दहा मिनिटं आलं, तेही लिहिलं आहे. आजच ही स्थिती असेल, तर वर अकरा मजले चढल्यावर काय होईल ते तुम्हीच ठरवा.”

सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या सभेत, टेबलावर माझं अक्षर. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबता थांबता मी हिशेब करू लागले. पाच इमारतींच्या नोंदी त्या शहरात आणखी कोणाकडे असणार? स्वतःच्या घरात राहणाऱ्याकडे एकाच नळाची नोंद असते. पाच नळांची नोंद ज्याला घर नाही त्याच्याकडेच असते. मला घर नव्हतं म्हणून तो पुरावा तयार झाला होता, आणि आता मला घर मिळू नये म्हणून तो टेबलावर मांडला होता.

साहेब पानं उलटू लागले. ते सावकाश वाचणारे होते. मध्येच थांबले, चष्मा वर केला आणि माइकमध्ये वाचलं, “‘लॉटरी लागली. अकरावा मजला. दादाला पेढे.’ हे काय आहे? कोणाची कॅलेंडरं आहेत ही?”

सभागृह हसलं. दादा वाकून बघायला लागला. त्याने ती चौकट कधी पाहिलीच नव्हती. त्याने पाचही वर्षं फक्त निळं वाचलं होतं. त्याच पानांवर लाल शाईत आमचं सगळं होतं, आई पडली ते, मी तापाने फणफणले ते, पाच वेळा सामान हलवलं ते. बारीक अक्षरात सही असावी तसं ‘घर बदललं’ असं दर वर्षी लिहिलेलं होतं. ते त्याच्या नजरेखालून गेलं असणार आणि तसंच निघूनही गेलं.

मी उभी राहिले. “माझी आहेत,” मी म्हटलं.

दादा वळला. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी टेबलाकडे बघत होते.

“पाण्याच्या नोंदी खऱ्या आहेत?” साहेबांनी विचारलं.

पुढचे सगळे मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि मागचेही. मागच्या रांगेतली एक बाई माझा पदर ओढून कुजबुजली, “खोट्या आहेत म्हणा ना, ताई. अंदाजे लिहिलं म्हणा.” मी एक वाक्य बोलले असते तर दादाचा पुरावा तिथेच कोसळला असता. पण मी त्या चौकटी एकेक करून भरल्या होत्या, दमून घरी आल्यावर, कोरडा नळ बघितल्यावर. त्याला मी खोटं कसं म्हणणार होते?

“खऱ्या आहेत,” मी म्हटलं.

“बसा,” साहेब म्हणाले.

बोलायचं काय होतं ते मला परतताना रिक्षात सुचलं, बदलापूरच्या गाव भागातून वळताना. पाणी नाही हे खरंच आहे, साहेब. पण मी आजही इथलंच पाणी पिते. टॉवर झाला नाही म्हणून माझी तहान उल्हासनगरला परत जाणार नाही. मी असणारच, फक्त दर अकरा महिन्यांनी दुसऱ्याच्या नळाखाली बादली ठेवून. हे सगळं मला इतकं नीट सुचलं की मी ते रिक्षात मोठ्याने बोलले आणि शेजारचा माणूस सरकून बसला.

पण त्याआधी, सभागृहाच्या बाहेर चपला शोधत असताना दादा धावत आला होता. मला वाटलं, काही तरी म्हणेल. माफी नको होती मला. ‘चुकलं’ एवढं पुरलं असतं. सोसायटीने गळ घातली, नाही म्हणता आलं नाही, असं म्हणाला असता तरी मी समजून घेतलं असतं, कारण समजून घेण्याची मला वाईट खोड आहे.

तो म्हणाला, “अगं, तू येणार ते सांगायचं ना! मी ते पान काढून ठेवलं असतं.”

मी चप्पल घातली आणि चालू लागले.

घरी आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. “त्याचंही खरंच आहे की,” ती म्हणाली. “त्याला तिथे राहायचंय. सोसायटीत सेक्रेटरी आहे तो.”

“आणि मला कुठे राहायचंय?”

“तू बोलतेसच अशी, की माणूस तुझ्याशी बोलायला घाबरतो. म्हणून नसेल सांगितलं त्याने.” एवढं बोलून तिने टीव्हीचा आवाज वाढवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मोठ्याने रडायचं होतं, पण नवं घर, पातळ भिंती, पलीकडे घरमालक. भाड्याच्या घरात रडणंसुद्धा बेताने करावं लागतं. लिफ्ट आईसाठी हवी होती मला. देवळात जायचंय म्हणून ती रोज कटकट करते आणि दोन पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यात नखं रुतवते. ही गोष्ट तिला सांगून उपयोग नव्हता. ती मुलाच्या बाजूला होती. ती कायमच त्याच्या बाजूला होती आणि राहत मात्र माझ्याकडे होती.

पावसाळा संपता संपता पत्र आलं. पाणीपुरवठ्याची पुरेशी व्यवस्था होईपर्यंत वरच्या मजल्यांना मंजुरी देता येत नाही, आणि आठव्या मजल्यापासून वरच्या सर्व अर्जदारांची नावं प्रतीक्षा यादीत टाकण्यात येत आहेत. भाषा अगदी सभ्य होती. माझ्या अकराव्या मजल्याला अजून जमीनच लागलेली नव्हती, त्यामुळे तो पडलाही नाही. उल्हासनगरचा स्लॅब निदान आवाज करून पडला होता.

खालच्या सात मजल्यांचं काम सुरू झालं. दादाच्या सोसायटीने त्या दिवशी साबुदाणावडे केले, असं मला भाजीवालीने सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, वांग्यांवर पाणी मारत होती.

भाऊबीजेला येऊ नको असं दादाला सांगावं, असं मी दिवाळीचे चारही दिवस मनाशी घोकत होते. सांगितलं नाही. आईने पाट मांडून ठेवला होता आणि मी ओवाळायला नकार दिला असता तर पुढची अकरा वर्षं तेच ऐकावं लागलं असतं. दादा आला. वहिनीचं डोकं दुखत होतं म्हणून एकटाच आला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. त्याने मान खाली घातली होती; टक्कल पडायला लागलंय त्याला. ज्याच्या घरी मी कळश्या चढवल्या तो हाच माणूस, आणि मला त्याची माया यायची ती येतच होती, त्यानेच जास्त चीड आली.

ओवाळणी म्हणून दादा दर वर्षी साडी आणि येत्या वर्षाचं कॅलेंडर देतो. कॅलेंडर द्यायची प्रथा त्यानेच पाडली, आमच्या पहिल्या भाड्याच्या घरापासून. त्या दिवशीही पिशवीतून गुंडाळी निघाली. मी विचारलं, “जुनी पाच कुठे आहेत?”

“ती फाईलला लागली ना गं. ती काही आता परत मिळत नाहीत.”

“माझं सगळं आहे त्यात.”

“काय आहे? पाण्याचंच तर आहे.” त्याने चकली मोडून तोंडात टाकली आणि नव्या कॅलेंडरवर थोपटलं. “आणि हे बघ, याच्यावरही लिहीत जा हं. आळस करू नकोस. वरच्या मजल्यांसाठी ते लोक परत येणार, तेव्हा पुढच्या सुनावणीला लागेल.”

आई म्हणाली, “लिहील की. तिला सवयच आहे.”

मी आत गेले आणि वहिनीसाठी फराळाचा डबा भरायला घेतला, कारण हात कुठे तरी लागायला हवे होते. लाडू, करंज्या, वर चिवडा. झाकण लावण्याआधी भिंतीच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं निळं पेन मी सोडवलं आणि चिवड्यात खोचलं. डबा त्याच्या पिशवीत ठेवला. जाताना त्याने नेहमीसारखं माझ्या डोक्यावर टपली मारली.

तो गेल्यावर मी नवं कॅलेंडर टांगलं. आधी सप्टेंबर काढला आणि या वेळी कसाबसा वाढवून मिळालेला करार संपतो त्या तारखेला लाल पेनाने लिहिलं, ‘घर खाली करणे.’ नळाला त्या दिवशी सणामुळे असेल, चांगली मोठी धार होती. आईने आतून ओरडून सांगितलं, पाणी आलंय, लिही. मी बादल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात दादाचा फोन आला.

“अगं, तुझं पेन पडलं होतं चिवड्यात! बरं झालं दिसलं, नाहीतर दाताखालीच आलं असतं. येत्या रविवारी आणून देतो.”

“असू दे तुझ्याकडे,” मी म्हटलं. “आता तू लिही.”

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे.